घर की गलबत?

२००९ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका घरावर खटला भरला गेला. घरमालकावर नव्हे, घरावर. फिर्यादी होती रिव्हिएरा बीच ही नगरपालिका. प्रतिवादी म्हणून कागदावर वर्णन होतं ते सुमारे ६० फूट लांब आणि १२ फूट रुंद अशा एका प्लायवूडच्या खोक्याचं. तीन बाजूंना काचेचे मोठे दरवाजे, आत बैठकीची खोली, झोपायची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर, आणि जिना चढून गेलं की वर छोटीशी कचेरी. हे सगळं पाण्यावर तरंगत, नगरपालिकेच्या मरीनात धक्क्याला बांधलेलं. मालकाचं नाव फेन लोझमन. किनाऱ्याच्या पुनर्विकासाच्या योजनेला त्याने भर सभेत विरोध केला होता, त्यामुळे नगरपालिकेचं आणि त्याचं आधीपासूनच विळ्याभोपळ्याचं नातं.

घरावर खटला कसा भरता येतो? जमिनीवरच्या घरावर येत नाही. जहाजावर येतो. सागरी कायद्याची ही जुनी रीत आहे. जहाज आज इथे, उद्या परमुलखात. मालक कुठल्या देशात बसलाय याचा पत्ता नाही. मग खलाशांचे पगार थकले, इंधनाचं बिल बुडालं, तर धरायचं कोणाला? जे समोर दिसतंय त्या जहाजालाच. मुंबईतही हे चालतं. उच्च न्यायालय हुकूम काढतं, तो मुंबईच्या शेरीफमार्फत जहाजावर बजावला जातो, आणि पैसे किंवा जामीन भरेपर्यंत जहाज बंदरातून हलत नाही.

नगरपालिकेने हीच वाट धरली. धक्क्याचं भाडं थकलंय, सबब हे ‘जहाज’ जप्त करा. न्यायालयाने ते मान्य केलं. थकबाकी निघाली ३,०३९ डॉलर आणि काही सेंट. बेकायदा ठिय्या दिल्याबद्दल नुकसानभरपाई एक डॉलर. घराचा लिलाव झाला, त्यात ते नगरपालिकेनेच घेतलं आणि मोडून टाकलं.

लोझमन हटला नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १५ जानेवारी २०१३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी जिंकला. अमेरिकी कायद्याची व्याख्या सांगते की पाण्यावर वाहतुकीचं साधन म्हणून जे वापरलं जातं किंवा वापरता येऊ शकतं, ते जहाज. यातल्या ‘वापरता येऊ शकतं’ या शब्दांवर सगळी मदार होती. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर म्हणाले, अशाने लाकडी टब, प्लास्टिकची परात, बिजागऱ्यांतून काढलेलं दार आणि व्हेलच्या पोटातला पिनोकिओ ही सगळीच जहाजं ठरतील. त्यांनी कसोटी घालून दिली ती अशी : एखाद्या समंजस माणसाने ती वस्तू पाहिली, तिची बांधणी पाहिली, तिचा वापर पाहिला, तर ती माणसं किंवा माल वाहून नेण्यासाठी केलेली आहे असं त्याला वाटेल का? लोझमनच्या घराला सुकाणू नव्हतं. सपाट बूड पाण्याखाली जेमतेम दहा इंच. स्वतःची वीज नाही, ती किनाऱ्यावरून घ्यायची. सात वर्षांत चार वेळा हललं, तेही दुसऱ्याने ओढून नेलं म्हणून. घराने वाहून काय नेलं? स्वतःचंच फर्निचर.

न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मत दिलं आणि न्यायमूर्ती केनेडी त्यांच्या बाजूने राहिले. दिसण्यावरून जहाज ठरवायला लागलात तर सौंदर्यदृष्टीच कायदा होऊन बसेल, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. मला स्वतःला हा आक्षेप वजनदार वाटतो. जे घर दोनशे मैल समुद्रातून ओढत आणता येतं, त्याला दार म्हणणं जरा जास्तच झालं. पण लोझमनला न्याय मिळाला याचा आनंदही लपवता येत नाही.

बोलीभाषेत आपला असा घोटाळा होत नाही, कारण आपण सरसकट नाव देतच नाही. होडी वेगळी, मचवा वेगळा, पडाव, गलबत, शिबाड, फत्तेमारी, बतेला, तराफा, सगळे वेगळे. नदीपार नेते ती तर. दोन होड्या किंवा सुके भोपळे एकत्र बांधून केलेली ती सांगड, आणि ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण याच पाण्यातून घरात आणला. या सगळ्यांना मिळून एक शब्द मात्र धक्क्यावर कोणी वापरत नाही. कायद्याला तो लागतो. ‘जलयान’ हा त्यातल्या त्यात बरा शब्द. कोणी तांडेल स्वतःच्या होडीला जलयान म्हणेल असं नाही, पण आपण इथे तोच वापरू.

आता मुद्द्याचं. जप्ती कोणाची करायची हा एक प्रश्न. समुद्रात समोरासमोर आल्यावर कोणी बाजूला व्हायचं हा अगदीच दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली लंडनमध्ये ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे नियम. दर्यावरची वाहतूक पोलिसांची वही म्हणा ना, फक्त चौकात पोलीस नाही. यातला तिसरा नियम व्याख्यांचा, आणि त्यातली पहिलीच व्याख्या जलयानाची. पाण्यावर वाहतुकीचं साधन म्हणून वापरलं जाणारं किंवा वापरता येण्याजोगं कुठल्याही प्रकारचं तरतं साधन. हवेच्या गादीवर चालणारं होवरक्राफ्ट आलं, पाण्याला लागून उडणारं यान आलं, समुद्रावर उतरणारं विमानसुद्धा आलं.

व्याख्येत काय नाही ते पाहा. लांबी किती हवी, नाही. इंजिन हवं, नाही. नोंदणी, परवाना, नाव, झेंडा, यातलं काही नाही. वर माणूस असलाच पाहिजे, असंही लिहिलेलं नाही. साडेतीनशे मीटरचं कंटेनर जहाज आणि एकट्या माणसाची वल्ह्यांची डोंगी, दोघांनाही हा एकच शब्द लागू.

इतकी सैल व्याख्या का? कारण हा नियम जहाजाची प्रतिष्ठा ठरवायला बसलेला नाही. त्याला एवढंच कळायला हवं की समोरून येणारी ही वस्तू माझ्यावर आपटू शकते का, आणि तिला वळवणारं कोणी आहे का. उगाच कोणी नियमांतून निसटू नये म्हणून जाळं मोठं टाकलंय, आणि त्याची भोकं बारीक ठेवलीत. जप्तीच्या कायद्याला असं जाळं परवडत नाही, तिथे चुकून कोणाचं घर अडकतं.

विमानाचंच घ्या. १९४३ साली इंग्लंडच्या न्यायालयासमोर विम्याचा एक वाद आला होता. एका जहाजाची एका ‘फ्लाइंग बोटी’शी, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाशी टक्कर झाली. विम्याच्या करारात ‘दुसऱ्या जहाजाशी टक्कर’ असे शब्द होते. फ्लाइंग बोट हे जहाज नव्हे, ते विमानच, असं न्यायालयाने ठरवलं. टकरींच्या नियमांसाठी मात्र तेच विमान पाण्यावर असेपर्यंत जलयान असतं, फक्त अंगचोर. त्याने सर्वसाधारणपणे बाकी सगळ्यांपासून चांगलं लांब राहावं, अशी नियमाची अपेक्षा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर सी-प्लेनचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा पाण्याला पोट लागल्याक्षणी ते विमान शेजारून जाणाऱ्या मच्छीमार होडीच्या जातीत येऊन बसलं होतं, आणि वाट सोडायची पाळी विमानाची होती.

जलयान ठरलं की पुढची ओळख कामावरून होते. नवख्या माणसाला सगळ्यात नवल इथे वाटतं. शिडाची होडी म्हणजे शीड असलेली होडी नव्हे. शीड फुगलेलं आहे पण खाली इंजिनही चालू आहे, तर नियमांच्या लेखी ती मोटारबोट. दिवसा तिने टोक खाली केलेला काळा शंकू समोर लावायचा, म्हणजे लांबून पाहणारा शिडावर भुलणार नाही. मासेमारी करणारी होडी म्हणजे मासे असलेली होडी नव्हे. जाळं पाण्यात आहे आणि त्यामुळे वळणं अवघड झालंय, तेव्हाच तिला तो मान. मागे गळाची दोरी सोडून मजेत चाललेल्याला तो नाही. पर्ससीनवाला जाळं उचलून बंदराकडे निघाला की पुन्हा साधा मोटारबोटवाला.

आणि ‘चालू’ जहाज म्हणजे चालणारं जहाज नव्हे. नांगर टाकलेला नाही, धक्क्याला बांधलेलं नाही, रुतलेलं नाही, एवढ्या तीन गोष्टी असल्या की जहाज चालू. मग इंजिन बंद करून सगळे जण जेवायला का बसलेले असेनात.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये एकदा संध्याकाळी मी सुकाणूजवळ उभा होतो. समोर एक टग होता, आणि बऱ्याच मागे, त्याचा काही संबंध नसल्यासारखी, एक बुटकी काळी बार्ज. मधलं पाणी मोकळं दिसत होतं. आमच्या म्हाताऱ्या सुकाण्याने लाँच वळवून बार्जच्याही मागून नेली. मी विचारलं, “काका, मधून का नाही काढली?” तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “मधी रस्सा हाय. त्याला वलता येत नाय, आपनच वलायचं.” टगवर एकाखाली एक लागलेले पांढरे दिवे मला त्यानंतर दिसले. टगच्या पिछाडीपासून ओढलेल्या वस्तूच्या टोकापर्यंतचं अंतर २०० मीटरपेक्षा जास्त असेल तर पुढे असे तीन दिवे लावायचे असतात. बार्जवर इंजिन नव्हतं, बहुधा माणूसही नव्हता. तरी तिच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा हवाच. ती जलयान आहे.

इंजिन नसणं म्हणजे जहाज नसणं, हा समज फार पसरलेला आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ ही बार्ज बुडाली. तेलक्षेत्रात काम करणाऱ्यांच्या राहण्याची ती सोय होती. तिला स्वतःचं इंजिन नव्हतं आणि तिच्यावर २६१ माणसं होती. सत्तरहून अधिक गेली. तरंगतं वसतिगृह म्हणून तिच्याकडे बघणाऱ्याला ती इमारत वाटेल. समुद्राने तिला जहाजासारखंच वागवलं.

याच बॉम्बे हायची सुरुवात ज्याने केली तो ‘सागर सम्राट’ मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात सुरेख नमुना वाटतो. १९७३ साली जपानमध्ये बांधून आणलेला हा तेलविहिरी खोदणारा रिग. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यालाच बॉम्बे हायचं पहिलं तेल लागलं. असल्या रिगला उंच पाय असतात. जागेवर नेताना पाय वर उचललेले, धड पाण्यावर तरंगतंय, टग ओढताहेत. तेव्हा तो जलयान, बाजूचे दिवे लावलेलं, आणि ओढणाऱ्या टगवर लाल-पांढरा-लाल असे तीन दिवे, म्हणजे ‘मला सहज बाजूला होता येत नाही’. ठिकाणावर पोहोचला की पाय खाली समुद्रतळापर्यंत सोडतात आणि धड त्या पायांवर पाण्याच्या वर उचलून घेतात. त्या घटकेला जहाजाचे दिवे जातात. त्यांच्या जागी येतो तो पांढरा लुकलुकता दिवा : दोन छोटे झोत, एक लांब. मोर्स लिपीतलं ‘यू’ अक्षर. सागरी संकेतांत त्याचा अर्थ ‘तुम्ही धोक्याकडे येताय’. जहाजाचं बेट झालं. उद्या पाय उचलले की बेटाचं पुन्हा जहाज.

जेट-स्कीवरून इंग्रजांनी बराच काळ डोकं खाजवलं. १९९२ साली एका न्यायाधीशाने सांगितलं की ज्याच्यावर घोड्यासारखं बसायचं ते पोकळ भांडं नव्हे, म्हणून जहाजही नव्हे; इंग्रजीत ‘व्हेसल’ म्हणजे भांडंही आणि जहाजही. २००५ मध्ये वेमथच्या खाडीत एका जेट-स्कीने दुसऱ्याला धडक देऊन जखमी केल्याचं प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेलं, आणि चालवणारा सुटला. कारण इंग्लंडच्या कायद्यात जहाज म्हणजे ‘नौकानयनासाठी वापरलेलं’ साधन. आणि नौकानयन म्हणजे कुठून तरी कुठे तरी जाणं. जेट-स्कीवाला तर मजेखातर गोल गोल फिरतो! तारकर्लीला पाच मिनिटांचे पैसे भरून ज्याने एक चक्कर मारलीय त्याला हे पटेल. पण ज्याला धडक बसली त्याला कसं पटावं? शेवटी २०२३ साली इंग्लंडने वेगळा आदेश काढून जेट-स्कीला कायद्याच्या कक्षेत घेतलं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याच्या कितीतरी आधी, २००८ मध्ये, उभं राहून वल्हवायच्या फळीलाही जलयान ठरवलं होतं. पोहण्याच्या हद्दीबाहेर ती फळी नेलीत तर जीवरक्षक जॅकेट हवं.

आपल्याकडे काय? इथेही जितके कायदे तितक्या व्याख्या. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात ‘नौकानयनात वापरलेलं’ ही इंग्रजी पठडी होती. त्याच कायद्यात ‘शिडाचं जहाज’ या व्याख्येत वल्ह्यांची होडीही घातलेली होती, शीड असो वा नसो. हे कोणत्या कारकुनाला दुपारच्या जेवणानंतर सुचलं कोण जाणे. २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा आणला आणि पाणबुड्या साधनांपासून तरत्या तेलरिगांपर्यंत सगळ्यांना नावानिशी आत घेतलं. जहाजांच्या जप्तीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात इंजिन असो वा नसो, बार्ज, लायटर, होवरक्राफ्ट हे सगळं जलयान. बुडालेलं, रुतलेलं किंवा टाकून दिलेलं जहाजही जलयान, आणि त्याचे अवशेषसुद्धा.

मांडवी नदीत या व्याख्येचा वेगळाच खेळ चालतो. गोव्यातल्या जुगाराच्या कायद्याने टेबलावरचे खेळ ‘किनाऱ्यापासून दूरच्या जलयानावर’ चालवायला वाट ठेवलेली आहे. म्हणून पणजीसमोर दिव्यांनी लखलखणारी कॅसिनोंची जहाजं वर्षानुवर्षं उभी आहेत. लोझमनला आपलं जहाज घर ठरायला हवं होतं. इथे मजले, जिने, स्वयंपाकघर आणि झुंबरं असलेल्या इमारतीला जहाज ठरायचं असतं. ब्रेयरसाहेबांच्या समंजस माणसाला पणजीच्या फेरीधक्क्यावर उभं करून मत विचारायला हवं. पण दर्या कोणाचं मत विचारत नाही. जुलै २०१७ मध्ये मांडवीत आणलं जाणारं ‘लकी सेव्हन’ हे कॅसिनो जहाज खवळलेल्या पाण्यात भरकटलं आणि मिरामारच्या किनाऱ्याला वाळूत रुतलं. रुतलेल्या जलयानाने दिवसा एकाखाली एक तीन काळे गोळे दाखवायचे असतात. जुगाराला इतका नेमका लागणारा नियम दुसरा नसेल.

नवा पेच बिनमाणसांच्या यानांचा. डिसेंबर २०१६ मध्ये फिलिपिन्सजवळ चिनी नौदलाने अमेरिकेचं पाण्याखालून सरकणारं एक मोजमापाचं यंत्र उचलून नेलं आणि काही दिवसांनी परत केलं. अमेरिका म्हणाली, ते आमच्या सरकारचं यान, त्याला हात लावायचा नाही. पण जे माणूस नेत नाही, माल नेत नाही, फक्त पाण्याचा खारटपणा टिपतं, ते वाहतुकीचं साधन कसं? देशादेशांत यावर एकमत नाही. आणि पाचवा नियम तर सांगतो की प्रत्येक जलयानाने डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवावा. डोळे-कान कोणाचे?

त्यामानाने अनंत चतुर्दशीचा तराफा सोपा. गिरगाव चौपाटीवरून मोठा गणपती त्याच्यावर चढतो, बरोबर कोळी बांधव, कार्यकर्ते. तराफा खोल पाण्यापर्यंत जातो आणि रिकामा परत येतो. माणसं आणि देव वाहून नेण्यासाठीच केलेलं, समुद्राला जोडलेल्या पाण्यातलं साधन. टकरींच्या नियमांची व्याख्या लावली तर बाप्पा दरवर्षी जलयानाने जातात. हेच नियम महाबळेश्वरच्या वेण्णा तलावातल्या होड्यांना लागत नाहीत, कारण तिथून समुद्रात जायला वाट नाही.

जलयान संपतं कधी, हे २०१७ च्या आपल्या कायद्याने छान सांगितलंय. ते इतकं मोडलं गेलं पाहिजे की पुन्हा नौकानयनाला वापरता येणार नाही, आणि तसं सर्वेक्षकाने लिहून द्यायला हवं. युद्धनौकांना हा कायदा लागत नाही, पण मोडणारे हात तेच असतात. १९९७ साली निवृत्त झालेली विमानवाहू ‘विक्रांत’ पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून बांधलेली होती. ना इंजिन चालू, ना विमानं, तरी तरंगती. २०१४ मध्ये ती मुंबईतच, दारूखान्याच्या किनाऱ्यावर, तोडायला घेतली. तिचं काही पोलाद वितळवून २०१६ साली बजाजने ‘व्ही’ या मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीत वापरलं. त्या मोटारसायकलला आरटीओचा नंबर घ्यावा लागतो.